चार-पाच वर्षं झाली असतील

“काका, शेवटची कधी उपसली हुती?”

हातातल्या मोबाइलवरून नजर न काढता, संडासाची टाकी उपसायला गाडी घेऊन आलेल्या त्या पोराने विचारलं आणि मी लगेच सांगून टाकलं, “झाली असतील चार-पाच वर्षं.” त्याने ते मोबाइलवर भरलं आणि पुढचा प्रश्न विचारला, घरात माणसं किती. बायको मागे दारात उभी होती, तीही काही बोलली नाही. प्रसंग एवढाच. पण तेव्हापासून ते वाक्य मला अधूनमधून टोचतं. दाढी करताना, पहाटे जाग आल्यावर पंख्याकडे बघत पडलेलो असताना. कारण ते धडधडीत खोटं होतं. आमची टाकी उपसल्याला चार-पाच नाही, पंचवीस वर्षं झाली होती. खरं सांगितलं असतं तर दंड नव्हता, पैसे जास्त पडणार नव्हते, तो पोरगाही ‘बरं’ म्हणून पुढे गेला असता. मग मी खोटं का बोललो? वजन विचारलं की माणूस दोन किलो कमी सांगतो, तसलंच काहीसं असावं. पण वजनाचं आपल्याला निदान माहीत तरी असतं.

त्याच्या आधी तर आणखी मोठी फजिती झाली होती. त्याने पहिलाच प्रश्न विचारला होता, “टाकी कुठंय?” आणि आम्हा दोघांनाही सांगता आलं नव्हतं. परसात आहे एवढं नक्की. पण परस म्हणजे वीस बाय पंधरा फूट जागा, तिच्यावर मीच काही वर्षांपूर्वी शहाबादी फरशी घालून घेतलेली, एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला धुण्याचा दगड. बायको म्हणाली तुळशीपाशी, मी म्हणालो दगडाखाली. त्या पोराने वर बघितलं, भिंतीला लागून गच्चीवर गेलेला व्हेंट पाइप शोधला, मग गाडीतून पहार आणून फरशीवर हलके हलके ठोकत चालला. डॉक्टर पोटावर बोटं वाजवून बघतात ना, तसं. ठक, ठक, ठक करता करता एके ठिकाणी ‘ढब’ आलं. तुळशीच्या कुंडीच्या बरोबर खाली. बायकोने माझ्याकडे बघितलं. ती जिंकली होती, पण चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. रोज सकाळी तिथेच तर ती पाणी घालून हात जोडते.

आमच्याकडे तिला कुणी सेप्टिक टँक म्हणत नाही. गवंड्यापासून वकिलापर्यंत सगळे ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं की चोर आले की लपायची ती जागा.

वाईत भुयारी गटार नाही. प्रत्येक घराखाली, वाड्याच्या मागे, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये अशा टाक्या आहेत, आणि २०१८ च्या मे महिन्यापर्यंत त्या ज्याच्या त्याच्या मर्जीवर होत्या. तुंबली, संडासात पाणी वर आलं, घरात वास सुटला, की धावपळ करून गाडी बोलवायची. तोवर तिचं नाव काढायचं नाही. मग नगरपालिकेने ठरवलं की दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची, तक्रार असो वा नसो. गावाचे तीन भाग केले, वर्षाला एक भाग. उपसायचे वेगळे पैसे नाहीत. घरपट्टीबरोबर स्वच्छतेचा कर, त्यातूनच ठेकेदाराला त्याने जेवढ्या टाक्या उपसल्या तेवढे पैसे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची मंडळी यात बरोबर होती आणि इकडे वाई, तिकडे सिन्नर, अशा दोन गावांत हे सुरू झालं. गाडी येण्याआधी पालिकेचा माणूस चिठ्ठी देऊन गेला तेव्हा आमच्या आळीत बरीच कुरकुर झाली. “चांगली चाललेली टाकी कशाला उघडायची?” हा मुख्य मुद्दा. समोरचे अण्णा तर अभिमानाने सांगत होते, “आमची बांधल्यापासून भरली नाही. पस्तीस वर्षं!” मीही मान डोलावली होती. आमचीही कुठे भरली होती?

या ‘भरत नाही’मधली गंमत मला फार उशिरा कळली. टाकीत आलेलं सगळं तिथेच राहत नाही. जड ते तळाला बसतं, तेलकट आणि हलकं ते वर तरंगून साय धरतं, आणि मधलं पाणी आडभिंतीच्या पलीकडे जाऊन पाइपातून बाहेर पडतं. तळचा गाळ हवेवाचून जगणारे जंतू सावकाश खातात, पण सगळा खाऊन संपवत नाहीत. दरवर्षी थोडा उरतो. तो वाढत वाढत वर येतो, मधल्या पाण्याची जागा कमी होत जाते, आणि एक दिवस अशी वेळ येते की आत आलेलं जवळपास तसंच पलीकडच्या पाइपातून बाहेर पडतं. घरात काहीच कळत नाही. संडास झकास चालतो. टाकी भरलेली नसते असं नाही. ती फक्त वाहत असते. पाइप गटारात, गटार ओढ्यात, आणि ओढा कुठे जातो हे वाईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्या कृष्णाबाईचा उत्सव आपण घाटाघाटावर करतो, प्रसादाच्या पंगती उठवतो, तिच्याकडेच. अण्णांची पस्तीस वर्षं आणि आमची पंचवीस, दोन्ही तिकडेच गेली.

कुंडी हलवली. दोन फरश्या उचकटल्या. खाली काँक्रीटचं झाकण, त्याला दोन लोखंडी कड्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. एक कडी हातातच आली. झाकण पहारीने सरकवलं आणि पोराने सगळ्यांना मागे सारलं. “धा मिनिटं कुणी जवळ यायचं न्हाई. बिडी-काडी न्हाई.” वास येणार हे माहीत होतं, तरी आला तेव्हा मला आधी तो वास म्हणून कळलाच नाही, घशात काहीतरी गोडूस, जड येऊन बसलं. मग सडक्या अंड्याचा. बायकोने पदर नाकाला लावला आणि ती आत गेली. मी थांबलो. का थांबलो कोण जाणे, पाहुणे आल्यावर घरधन्याने बाहेर थांबावं तसं. दहा मिनिटांनी त्याने हातमोजे चढवून लांब काठी आत घातली. ती आत जायला तयार नव्हती. वर साय नव्हती, भाकरी होती; वीतभर जाड, भेगाळलेली, काळी. त्याने काठीने दोन-तीनदा टोचलं, मग माझ्याकडे बघितलं.

काही बोलला नाही.

त्या न बोलण्यानेच सगळा घोटाळा केला. “काय काका, चार वर्षं म्हनता व्हय!” असं तो हसून म्हणाला असता तर मीही हसलो असतो, विषय संपला असता. पण अशी खोटी वर्षं त्याने दिवसातून दहा घरांत ऐकलेली असणार. त्याने गाडीतून पाण्याची नळी ओढली, फवारा मारून ती भाकरी फोडली, ढवळली, मग जाड पाइप आत सोडून पंप सुरू केला. पाइप एखाद्या जनावरासारखा थरथरायला लागला. टाकीत कुणी उतरलं नाही. कुणी आत वाकूनही बघितलं नाही. पाऊण तासात संपलं. तळाला थोडा गाळ त्याने मुद्दामच ठेवला. दह्याला विरजण लागतं तसं, म्हणाला. उपमा ऐकून मी त्या दिवशी दही खाल्लं नाही.

पण मला त्या पाऊण तासात सारखी दुसरीच एक रात्र आठवत होती.

अकरावीत होतो मी, म्हणजे १९९४. संडासात पाणी वर यायला लागलं होतं. वडील कुणाला तरी निरोप देऊन आले आणि त्या रात्री साडेदहा-अकराला दोन माणसं आली. रात्रीच का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. ती कामं रात्रीच व्हायची. मला वर अभ्यासाला पाठवलं होतं, खिडकी लावून घे म्हणून बजावलं होतं. मी फटीतून बघत होतो. एक कंदील, दोन बादल्या, एक दोर. आधी दोघांनी वरून बादलीने काढलं, मग एक जण सदरा काढून, चड्डीवर, आत उतरला. कंदिलाच्या उजेडात त्याचे खांदे दिसत होते आणि मग खांदेही दिसेनासे झाले. वरचा माणूस मधूनमधून त्याला हाक मारायचा आणि आतून ‘ओ’ यायची. हाक, ‘ओ’. हाक, ‘ओ’. मला वाटलं गप्पा मारताहेत. त्या हाका कशासाठी होत्या हे कळायला मला पुढे बरीच वर्षं जावी लागली. टाकीतला तो सडक्या अंड्याचा वायू थोडा असला तर नाकाला झोंबतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास थांबला असं वाटतं, आणि माणूस आवाजही न करता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. पेपरात अशी बातमी येते तेव्हा मेलेले बहुतेक दोन किंवा तीन असतात, एकटा क्वचितच, ते यामुळे.

काम झाल्यावर आईने त्यांना चहा दिला. परसातल्या कोनाड्यात दोन कानतुटके कप असायचे, ते त्यासाठीच होते. पाणी मागितलं तेव्हा तिने तांब्यातून वरून ओतलं आणि त्यांनी ओंजळीने प्यायलं. आई वाईट नव्हती. माझी आई दारावर आलेल्या कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवायची नाही. हे वाक्य मी आतापर्यंत बऱ्याचदा लिहून खोडलं आहे, कारण खरं असूनही ते त्या तांब्यापुढे टिकत नाही.

वडील विश्वकोशाच्या कचेरीत प्रुफं तपासायचे. एखादा अनुस्वार सुटला तर त्यांना रात्री झोप लागायची नाही. घरातही प्रत्येक गोष्टीची नोंद. गॅसचं सिलिंडर कधी लावलं, छत्रीची काडी किती रुपयांना बसवली. म्हणून गाडी येऊन गेल्यावर मी त्यांच्या ट्रंकेत शोधायला बसलो, टाकीचा काही नकाशा सापडतो का बघायला. घराच्या कागदांत नव्हता. सापडला काही महिन्यांनी, रद्दी काढताना, एका जुन्या गॅलीप्रुफाच्या पाठकोऱ्या बाजूवर. शिसपेन्सिलीने काढलेला आमचा प्लॉट, विहीर, जिना, आणि परसात एक चौकोन: ‘टाकी ८×४×५ फूट. झाकण भिंतीपासून ३ फूट.’ बायको म्हणाली तिथेच. त्याच्याखाली शाईने: ‘टाकी उपसणे. दोन माणसे. रु. ३०० + जुने धोतर १ + चहा.’ तारीख होती. धोतराचाही हिशेब होता. दोन माणसांची नावं नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदींतली नावं अचूक आहेत ना हे बघण्यात ज्यांचे डोळे गेले त्यांनी ‘दोन माणसे’ लिहिलं होतं आणि ते पूर्ण वाटून खाली रेघ मारली होती. मला राग आला त्यांचा. मग आठवलं, मोबाइलवाल्या पोराचं नाव मीही विचारलं नव्हतं. चहा मात्र आमच्याच कपातून दिला होता, आणि तो दिल्यावर मला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं होतं.

कायदा २०१३ मध्ये आला. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा झाला, उतरवणाऱ्याला तुरुंगाची सोय झाली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९९३ पासून गटारात आणि टाक्यांत जे मेले त्यांच्या घरच्यांना दहा-दहा लाख द्या. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. आकडा वाढला की बरं वाटतं आणि लगेच वाटतं, तो वाढवावा का लागला? आमच्या त्या दोघांना तेव्हा काही झालं नाही. ते चहा पिऊन, धोतराची घडी काखेला मारून, बोळातून गेले. आणि बादल्यांतलं सगळं कुठे गेलं? मी तेही फटीतून पाहिलं होतं. मागच्या ओढ्यात. तिथून कुठे, ते वर आलंच आहे. सांगायचा मुद्दा, तेव्हा उपसली काय आणि न उपसली काय, नदीला फारसा फरक पडत नव्हता.

आता पडतो. कुतूहल म्हणून मी एकदा स्कूटर काढून गाडीच्या मागे मागे गेलो होतो. बायकोने वेड्यात काढलं. गावाबाहेर तो प्रकल्प आहे, दिवसाला सत्तर हजार लिटरचा; गाडी पाइप जोडते, मैला आत जातो, पाणी वेगळं होतं, गाळ वाळवून तापवून शेवटी कोळशासारखी काळी भुकटी होते. सगळी यंत्रं, पत्र्याची शेड, बाहेर थोडी झाडं. वास म्हणाल तर आपल्या एस.टी. स्टँडावरच्या मुतारीत याहून जास्त येतो. मी तिथे पाचेक मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. काहीतरी भव्य वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की आपल्या घरातून बाहेर पडलेली एक गोष्ट शेवटी कुठे पोचते ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

माझी चुलतबहीण फ्रान्सात ब्रिटनीमध्ये एका खेड्यात राहते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती हसायलाच लागली. तिने घर घेतलं तेव्हा विकणाऱ्याने कागदपत्रांबरोबर टाकीचा रिपोर्ट दिला होता, तो तीन वर्षांपेक्षा जुना चालत नाही. तिकडे ज्या घरांना गटार नाही त्यांच्या टाक्यांवर नजर ठेवायला स्थानिक सरकारचं एक खातंच आहे, १९९२ च्या पाण्याच्या कायद्यापासून ती जबाबदारी गावांवर आली. त्या खात्याचं नाव आद्याक्षरांनी ‘स्पांक’. त्यांचा माणूस निदान दहा वर्षांतून एकदा पत्र पाठवून येतो, झाकणं उघडायला लावतो, पाणी कुठे जातं बघतो, रिपोर्ट देतो आणि त्याचं बिलही पाठवतो. तिच्या रिपोर्टात दोष निघाला होता. घर घेणाऱ्याने वर्षाच्या आत दुरुस्त करायचं असा नियम, तो खर्च तिच्या बोकांडी बसला. “आणि दादा, इथलेही सगळे कुरकुरतात. आमची चांगली चालली होती, कशाला उघडायची म्हणून.” हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. म्हणजे अण्णा सगळीकडे आहेत. फरक इतकाच की तिकडे खातं येऊन तपासतं आणि उपसायचं तुमचं तुम्ही बघा म्हणतं. आमच्याकडे तपासत बसत नाहीत, सरळ गाडीच आणतात. आपल्या स्वभावाला हेच बरं. आम्हाला रिपोर्ट दिला असता तर मी तो ट्रंकेत ठेवून दिला असता.

पुढची फेरी आली तेव्हा गाडी दुसरी होती, पोरगाही दुसरा. या वेळी मी तयारीत होतो. फरशीवर झाकणाच्या जागी रंगाने छोटी फुली केलेली, नवीन कड्या बसवलेल्या, आणि मनाशी ठरवलेलं की पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. मागच्या वेळी तुमच्या माणसांनी केली, आणि त्याआधी १९९४. पण त्याने प्रश्न विचारलाच नाही. मोबाइलवर बोट फिरवलं आणि वाचूनच दाखवलं, “मागची आपलीच. त्याच्या आधी चार-पाच वर्षांपूर्वी. बरोबर ना काका?”

“अरे, ते...” मी म्हणालो.

तोवर तो गाडीकडे वळला होता. पाइप खाली घेताना ओरडून म्हणाला, “तुळस तेवढी बाजूला घ्या.” कुंडी जड होती, ओली माती होती. मी ती दोन्ही हातांनी उचलून धुण्याच्या दगडावर ठेवली. झाकण उघडलं तेव्हा वर नुसतीच पातळ साय होती. त्याने काठी घातली, ती सरळ आत गेली. मग मी त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं, पण पंप सुरू झाला होता, ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायला जवळ गेलो तर त्याने हातानेच मागे राहा अशी खूण केली.